कुपीवरचा चौकोन

त्या गोष्टीला आता वीस वर्षे उलटून गेली. मुख्याध्यापकपद तेव्हा आमच्या वाट्याला आले नव्हते. बेळगाव जिल्ह्यातील एका खेड्यात, सरकारी मराठी शाळेत, आम्ही सहशिक्षक होतो. पल्स पोलिओचा रविवार आला की शाळेतच केंद्र भरे. गावातील पाच वर्षांखालील मुलांची यादी करणे, आयांना बोलावून आणणे, डोस घेतलेल्या मुलाच्या करंगळीला शाईची खूण करणे ही कामे आम्हा गुरुजींकडे असत. डोस पाजण्याचे काम मात्र आरोग्यसेविकेचे. गाव तिला सिस्टर म्हणे. आम्हीही तेच म्हणत असू.

उन्हाळ्यातील एका फेरीत दुपारी गर्दी वाढली. हाताशी असाव्यात म्हणून शीतपेटीतून दोन कुप्या काढून आम्ही टेबलाच्या खणात ठेवल्या. एक वापरली गेली; दुसरीचा विसर पडला. सोमवारपासून घरोघरी फिरण्याचे काम सुरू झाले आणि ऑफिसची ती पत्र्याच्या छपराची खोली बुधवारपर्यंत बंदच राहिली. बुधवारी सकाळी यादीचा कागद शोधताना खण उघडला, तो कुपी समोर! झाकण शाबूत होते, आतील औषधही पूर्वीसारखेच दिसत होते. कोणाला न बोलता आम्ही ती शीतपेटीत बर्फाच्या पाकिटांमध्ये सरकवून दिली. थंड झाली की पूर्ववत होईल, असा आमचा हिशेब. आम्ही मराठीचे एम. ए. अलंकार आणि वृत्ते विचारा, चटकन सांगू. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपलेला होता.

तासाभराने शिवाराच्या कडेला असलेल्या एका घरी नेमकी तीच कुपी सिस्टरांच्या हाती आली. कामाचा खाडा करून एक बाई दीड वर्षाच्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टरांनी कुपी उजेडाकडे धरली, तिच्यावरील चिठ्ठी निरखली आणि ती बाजूला ठेवली.

“ही नाही चालायची, गुरुजी. चौकोन काळा पडलाय.”

“अहो सिस्टर, थंडगार आहे की! हात लावून पाहा,” आम्ही म्हणालो.

“आत्ता थंड असेल. पण ती कुठंतरी तापलीय. पुन्हा थंड केली म्हणून काय उपयोग? बोटाला शाई लागेल, पण पोटात काही जाणार नाही.”

पेटीतील बाकीच्या कुप्या संपल्या होत्या. संध्याकाळी परत येतो, असे सांगून आम्ही उठलो. बाईच्या चेहऱ्यावरील नाराजी आम्हांला स्पष्ट दिसली, आणि तिचे कारण आम्हीच होतो हेही आम्हांला ठाऊक होते.

कुपीच्या चिठ्ठीवर एक लहानसे वर्तुळ असते आणि त्यात एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरावी. तो वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला असेल तर ती टाकून द्यावी. एवढाच नियम. पण कागदावरच्या त्या ठिपक्याला आमच्या खणातील तीन दिवस कसे कळले? ना त्यात पारा, ना घड्याळ. हा प्रश्न आमच्या मनातून जाईना. शेजारच्या गावातील हायस्कुलात विज्ञान शिकवणारे आमचे एक स्नेही होते. पुढील काही संध्याकाळी त्यांनी आम्हांला जे समजावून दिले, ते वाचकांपुढे ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते.

घाटमाथ्याची गोष्ट

स्नेह्यांनी सुरुवात केली ती स्वयंपाकाच्या गॅसपासून. गॅस आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की जळावेत, हे निसर्गाला मान्यच आहे. मग शेगडीची कळ फिरवली तरी तो आपोआप का पेटत नाही? काडी का लावावी लागते?

बेळगावकर मंडळींना याचे उत्तर रस्त्यावरच सापडेल. गोवा आपल्यापेक्षा कितीतरी खाली, समुद्रकाठी. पण जांबोटीवरून गोव्याला उतरायचे म्हटले तरी मधले चढउतार ओलांडून आधी चोर्ल्याचा घाटमाथा गाठावा लागतो. उतार लागतो तो त्यानंतर. रासायनिक प्रक्रियेचेही तसेच आहे. दोन रेणूंनी जुने बंध सोडून नवे जोडायचे, तर मधल्या अवघड अवस्थेतून त्यांना जावे लागते. त्या अवस्थेपर्यंत चढण्यासाठी जी किमान ऊर्जा लागते तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. कॉलेजातील मुले तिला ‘ॲक्टिव्हेशन एनर्जी’ या नावाने ओळखतात. काडीची ज्योत पहिल्या काही रेणूंना माथ्यावर चढवते. ते पलीकडे उतरताना जी उष्णता देतात तिने पुढचे रेणू चढतात, आणि शेगडी जळत राहते.

हा माथा नसता तर काय झाले असते? घरातील लाकूड, कापूस, कागद, फार काय आपले शरीरही हवेशी संयोग पावून केव्हाच राख झाले असते. जग टिकून आहे ते या घाटमाथ्यांच्या आधारावर. आणि वस्तू नासतात, विटतात, औषधांचा गुण जातो, तेही काही रेणू हा माथा हळूहळू ओलांडतच असतात म्हणून.

साखरेच्या पाकाने सुटलेले कोडे

उष्णता वाढली की रासायनिक प्रक्रिया वेगाने होते, ही गोष्ट चूल पेटवणाऱ्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ याने १८८४ च्या आपल्या ग्रंथात उष्णता आणि वेग यांचा संबंध गणिताने मांडला. दर १० अंश सेल्सियसला वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, हा ठोकताळा आजही त्याच्या नावाने सांगितला जातो. पण असे का व्हावे?

उत्तर मिळाले ते साखरेच्या पाकातून. पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून आपल्याकडे त्यात लिंबू पिळतात. आम्लामुळे उसाच्या साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन शर्करा तयार होतात आणि हे मिश्रण सहजी खडे धरत नाही. ही फूट प्रकाशाच्या साहाय्याने मोजता येते. कारण साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते आणि फुटलेल्या साखरेचे मिश्रण डावीकडे. विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये या युक्तीने साखर फुटण्याचा वेग मोजला होता.

स्वीडनच्या स्वान्ते आर्‍हेनियस याने १८८९ मध्ये याच प्रक्रियेवर निबंध लिहिला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पाच वर्षांपूर्वी, १८८४ मध्ये, उप्साला विद्यापीठाने त्याच्या डॉक्टरेटच्या प्रबंधाला जेमतेम उत्तीर्ण होण्याइतकी श्रेणी दिली होती. त्याच प्रबंधातून वाढलेल्या विचारांसाठी त्याला पुढे १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निकालपत्रकावर सही करताना ही हकिकत आम्ही अधूनमधून आठवतो.

आर्‍हेनियसला विसंगती दिसली ती अशी. तापमान एका अंशाने वाढले तर साखर फुटण्याचा वेग दहा-पंधरा टक्क्यांनी वाढतो. पण रेणूंच्या धावण्याचा सरासरी वेग तेवढ्या उष्णतेने एका टक्क्याचा सहावा भागसुद्धा जेमतेम वाढतो. रेणू थोडे अधिक धावले, थोडे अधिक आदळले, एवढ्याने हा हिशेब जुळत नाही. मग त्याने असे मांडले की, साखरेचे सगळेच रेणू फुटायला सिद्ध नसतात. त्यांतील अगदी थोडे ‘सक्रिय’ असतात आणि प्रक्रिया होते ती त्यांचीच. उष्णता वाढली की या मूठभरांची संख्या भराभर वाढते.

शंभर कोटींतील दोन

ही मूठ किती लहान, ते आकड्यांत पाहू. मध्यम उंचीचा एक माथा घेऊ. सक्रियण ऊर्जा मोलमागे ५० किलोज्यूल. आर्‍हेनियसच्या सूत्राने हिशेब केला, तर २७ अंशांना शंभर कोटी रेणूंमागे सुमारे दोनच रेणूंजवळ माथा ओलांडण्याइतकी ऊर्जा असते. तापमान ३७ अंशांवर नेले की ते जवळजवळ चार होतात. रेणूंचा सरासरी वेग या दहा अंशांत दोन टक्केही वाढलेला नसतो. पण दोनाचे चार झाले, म्हणजे प्रक्रिया दुप्पट वेगाने झाली. व्हान्ट हॉफचा ठोकताळा येथून येतो.

पण ठोकताळा सर्वत्र लागू पडत नाही. तो माथ्याच्या उंचीवर अवलंबून आहे. हे आम्हांला पटले ते परीक्षेच्या उदाहरणाने. समजा, वर्गाची सरासरी ५० गुणांवरून ५२ वर गेली. ३५ गुणांवर उत्तीर्ण होणारी मुले थोडी वाढतील. ती आधीच पुष्कळ होती. पण ९५ च्या वर गुण मिळवणारी, जी आधी मोठ्या परीक्षेत एखाद-दुसरीच होती, त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढेल. जेथे पोहोचणारे विरळ, तेथे थोड्याशा वाढीचा परिणाम मोठा. माथा जितका उंच, तितकी ती प्रक्रिया उष्णतेबाबत अधिक हळवी.

याचा ढळढळीत दाखला दुधाच्या डेअरीत मिळतो. दूध निर्जंतुक करण्याच्या पाश्चरीकरणाच्या दोन रीती प्रसिद्ध आहेत. एका रीतीत दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे ठेवतात, दुसरीत ७२ अंशांवर केवळ १५ सेकंद. नऊ अंशांच्या फरकाने वेळ १२० पटींनी कमी झाली! जंतूंची प्रथिने विस्कटण्याचा माथा फार उंच असतो, म्हणून उष्णता थोडी वाढली की जंतू झपाट्याने मरतात. दुधाची चव पालटणाऱ्या प्रक्रियांचा माथा त्यामानाने ठेंगणा. पंधरा सेकंदांत त्यांना फारसे काही साधत नाही. जंतू मरतात आणि चव राहते, ते माथ्यांच्या या फरकामुळे.

उलट आपला बेळगावी कुंदा पाहा. त्याला तो तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो तो दुधातील शर्करा आणि प्रथिने यांच्या संयोगातून. लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या प्रक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. दुधात पाणी आहे तोवर कढईचे तापमान उकळबिंदूपलीकडे जात नाही, आणि बेळगावच्या उंचीवर पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. मग कुंदा करणाऱ्याने आच कितीही मोठी केली तरी दूध केवळ उतू जाईल, रंग काही लवकर येणार नाही. तो मंद आचेवर तासन् तास ढवळत बसतो आणि उष्णतेची उणीव वेळाने भरून काढतो. डाळ शिजवताना आपण उलटा व्यवहार करतो. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते आणि वेळ वाचतो.

ठिपक्याची युक्ती

आता पुन्हा कुपीकडे वळू. तोंडाने द्यावयाच्या पोलिओ लशीत जिवंत, पण दुबळे केलेले विषाणू असतात. उष्णतेने ते निकामी होत जातात. म्हणून मोठ्या भांडारात ही लस शून्याखाली २० अंशांवर ठेवतात आणि गावोगाव ती बर्फाच्या संगतीने नेतात. पण या लांब प्रवासात कोठे, कोणाच्या हातून, किती वेळ ती तापली हे शेवटच्या माणसाला कसे कळावे? निकामी झालेले औषध डोळ्यांना चांगल्या औषधासारखेच दिसते.

त्या चौकोनात एक विशेष रसायन भरलेले असते. त्याचे रेणू सुटे असताना रंगहीन असतात. उष्णतेने ते एकमेकांत गुंफले जाऊन साखळ्या तयार होतात आणि या साखळ्या गडद रंगाच्या असतात. पण कोणतेही रंग बदलणारे रसायन येथे चालले नसते. लशीची खराबी उष्णतेबरोबर ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात चौकोनाचा रंगही वाढला पाहिजे. म्हणजे दोन्ही घाटमाथे साधारण सारख्या उंचीचे हवेत. ही जोडी जमवली गेली, म्हणून कागदावरचा ठिपका लशीसोबत तिच्याच गतीने म्हातारा होत जातो. १९९६ पासून पोलिओच्या कुप्यांवर तो येऊ लागला. त्याचे इंग्रजी नाव ‘व्हॅक्सिन व्हायल मॉनिटर’.

या ठिपक्याचे चार प्रमुख प्रकार आहेत. सतत ३७ अंशांत ठेवले असता ते अनुक्रमे २, ७, १४ आणि ३० दिवसांत अखेरच्या रंगाला पोहोचतात. सर्वांत हळवा, दोन दिवसांचा प्रकार पोलिओच्या लशीसाठी. हाच ठिपका ५ अंशांत ठेवला तर २२५ दिवस टिकतो! आमच्या स्नेह्यांनी येथे आम्हांला गणित घातले. ‘दहा अंशांना दुप्पट’ या ठोकताळ्याने चाललो असतो, तर ५ वरून ३७ अंशांवर नेल्याने वेग नऊपट व्हावा आणि कुपी चोवीस-पंचवीस दिवस टिकावी. प्रत्यक्षात वेग शंभरपटींहून अधिक वाढला आणि हाती उरले दोन दिवस. ढोबळ नियमावर विसंबलेल्या माणसाने तीन आठवडे निकामी थेंब पाजले असते आणि प्रत्येक करंगळीला शाईही लावली असती.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्याच्या दुपारी ३७ काय, त्याहूनही अधिक अंश होत असणार. रात्रीच्या गारव्यात ठिपका मंदावला असेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा धावला असेल, आणि तीन दिवसांची बेरीज त्याने चोख केली. आम्ही बर्फात ठेवल्यावर त्याची चाल जवळजवळ थांबली; पण गुंफलेल्या साखळ्या सुटल्या नाहीत. हजेरीपटावरील गैरहजेरीचे दिवस मागाहून खाडून टाकता येत नाहीत, तसेच हे. थंडीने नासणे लांबते, नासलेले सुधारत नाही. सिस्टरांनी हेच एका वाक्यात सांगितले होते.

मात्र हा ठिपका एक गोष्ट सांगू शकत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची त्रिगुणी लस किंवा ब प्रकारच्या काविळीची लस गोठली तर बिघडते, आणि गोठण्याची खूण या ठिपक्यावर उमटत नाही. तेव्हा अधिक थंड ते अधिक चांगले, हाही नियम नव्हे.

घरातील कपाटात

वाचक म्हणतील, लशीची काळजी सरकारी दवाखाना घेतो. आम्ही काय करावे? घरातील औषधांच्या डब्याकडे एकदा पाहावे. ‘२५ अंशांखाली ठेवावे’ असे पाकिटावर छापलेले असते. त्यामागे हाच घाटमाथा असतो. शेगडीशेजारच्या फडताळात, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा दूरदर्शन संचाच्या उबदार पाठीवर ठेवलेली गोळी मुदतीच्या आतच गुण गमावू शकते. छापलेली मुदत ही सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या औषधाची असते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर अधिक जपावे. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी, कारण गोठलेले इन्सुलिन वापरावयाचे नसते. वापरात असलेली कुपी खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते. तरी पाकिटावरील सूचना वाचाव्यात आणि डॉक्टरांना विचारावे. लग्नकार्यासाठी पुण्या-मुंबईकडे किंवा हैदराबादेस उन्हाळ्यात बसने जाणारी आपली वडीलधारी मंडळी इन्सुलिन ट्रंकेत टाकतात आणि ट्रंक टपावर चढते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. मुक्कामी पोहोचल्यावर ते फ्रीजमध्ये ठेवून काय साधणार? त्यावर तर चौकोनही नसतो.

भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. ती बातमी वाचताना आम्हांला आठवला तो बुधवारच.

त्या संध्याकाळी नव्या कुप्या आल्यावर सिस्टर आणि आम्ही पुन्हा शिवाराकडेच्या त्या घरी गेलो. बाई नुकतीच चुलीपुढे बसली होती. “सकाळीच का न्हाई पाजलं?” तिने विचारले. काही कारण सांगून वेळ मारून नेता आली असती. पण सिस्टर शेजारी उभ्या होत्या आणि त्या आमच्याकडे न पाहता पेटी उघडीत होत्या. “बाई, चूक आमची झाली,” आम्ही म्हणालो, “औषध उन्हाळ्यात बाहेर राहिलं, ते वाया गेलं.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग मुलाला उचलून पुढे आली. “आता हे तरी बरं हाय न्हवं?”

आम्ही कुपी तिच्यासमोर कंदिलाच्या उजेडात धरली आणि वर्तुळातला चौकोन दाखवला. तो स्वच्छ, फिका होता. तिने तो नीट पाहिला, मान हलवली, आणि मुलाची हनुवटी धरून त्याचे तोंड उघडले.